सिस्टिम घेत नाही, मग साहेबांचं कसं घेते?

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका ठोक दुकानात माझ्या पुढे एक काका उभे होते. तेलाचे डबे, साखर, मैदा, असं हॉटेलचं सामान. बिल झालं साडेचौदा हजारांचं. काउंटरवरच्या मुलाने एंटर मारलं आणि स्क्रीनवर लाल पट्टी आली. परत मारलं, परत तीच.

"काका, सिस्टिम घेत नाहीये. तुमची उधारीची लिमिट संपली."

"अरे, तुझ्या जन्माच्या आधीपासून खातं आहे माझं इथे!"

मुलगा आत गेला. धाकटे शेठ फोनवर बोलत बोलतच बाहेर आले, उभ्या उभ्या लॉगिन बदललं, तेच बिल, तेच आकडे, एंटर. प्रिंटर कुरकुरला. शेठ आले तसे आत गेले. काकांनी बिलाची घडी करता करता माझ्याकडे पाहिलं. "घेतलं की नाही सिस्टिमने?"

बँकेत, हॉस्पिटलच्या बिलिंगला, मोबाइलच्या शोरूममध्ये हा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल. कॉम्प्युटर नाही म्हणाला की विषय संपला, असं आपण धरून चालतो. मग तोच कॉम्प्युटर दुसऱ्याच्या हाताखाली हो कसा म्हणतो? कंपन्यांत अशी सॉफ्टवेअरं बसवून देणं हे माझं रोजचं काम. ही हो-नाहीची भानगड मी स्वतः कित्येक ठिकाणी बांधून दिली आहे, त्यातली काही ठिकाणं आठवली की अजून कसंसं होतं.

आधी नियम

धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंद 'सेव्ह' करायच्या क्षणी आत एक तपासणी होते. तिला व्हॅलिडेशन म्हणतात. पुढे मी सरळ 'नियम' म्हणेन. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन वही पुढे करतो ना, तसंच. नाव, फ्लॅट नंबर, गाडी नंबर. एक रकाना रिकामा राहिला तरी बांबू वर होत नाही. तुम्ही कोणाकडे कशाला चाललात याच्याशी त्याला देणंघेणं नाही, रकाने भरले की झालं.

या नियमांच्या दोन जाती असतात. एक आकाराची. जीएसटी नंबर 15 अक्षरांचाच हवा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे 27, गोव्याचे 30), पुढची 10 अक्षरं पॅनची, आणि अगदी शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं, त्यामुळे मधला एखादा आकडा चुकला की ताळा बसत नाही. पिनकोड सहा आकडी, आणि शून्याने सुरू होणारा नको. दुसरी जात धोरणाची. दोन लाखांवर उधारी नको. दहा टक्क्यांवर डिस्काउंट नको. महिना बंद झाल्यावर त्या महिन्याच्या तारखेचं बिल नको.

पहिल्या जातीत सूट द्यायचा प्रश्नच येत नाही. चौदा अक्षरांचा जीएसटी नंबर शेठनी टाइप केला तरी चुकीचाच. दुसऱ्या जातीचा नियम मात्र दुकानातल्याच कुणीतरी ठरवलेला असतो, आणि ठरवणाऱ्याला तो प्रसंगी बाजूला ठेवावा लागतो. या दोन जाती एकाच पोत्यात भरल्या की पुढची निम्मी भांडणं तिथेच सुरू होतात.

आता त्या लाल पट्टीच्या आत बघू. सेल्सफोर्स नावाचं, विक्री आणि ग्राहक सांभाळणारं एक मोठं सॉफ्टवेअर आहे. त्यात नियम उलटा लिहायचा असतो. काय बरोबर ते लिहायचं नाही, कधी अडवायचं ते लिहायचं. 'रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल तर अडव.' नवीन पोरं इथे हमखास गोंधळतात आणि नियम बरोब्बर उलटा चालतो: उधारीवाला सुटतो, रोखीवाला अडकतो. सूट द्यायची तर या वाक्याला फक्त शेपूट जोडायचं: 'रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असेल, आणि बिल करणाऱ्याकडे मर्यादा ओलांडण्याची परवानगी नसेल, तर अडव.' धाकट्या शेठकडे ती परवानगी असणार. म्हणजे कॉम्प्युटरचं मन वळलं वगैरे काही नाही. शेठच्या बाबतीत अडवायची अट पूर्णच होत नव्हती.

सूट लागतेच कशाला?

सगळ्यात मोठं कारण लोकांच्या ध्यानातही येत नाही: जुना माल. कंपनी नवीन सॉफ्टवेअर घेते तेव्हा जुन्या वह्यांतले, एक्सेलमधले हजारो ग्राहक त्यात ओतावे लागतात. नवा नियम म्हणतो, मोबाइल नंबर सक्तीचा. तीस वर्षांपूर्वीच्या ग्राहकाचा मोबाइल कुठून आणणार? त्याच्याकडे तेव्हा तो होताच कुठे? म्हणून ओतणाऱ्या लॉगिनला तेवढ्यापुरती सूट.

दुसरं, माणूस नसलेले वापरकर्ते. रात्री दोनला वेबसाइटवरच्या ऑर्डरी आपोआप आत येतात, त्यासाठीही एक लॉगिन असतं. नियमाने अडवलं तर तिथे "काय चुकलं बरं" म्हणून बघायला कुणी बसलेलं नसतं. ऑर्डर अडकून पडते.

तिसरं, दुरुस्ती. हिशेबाचा महिना बंद केल्यावर त्यात नोंद टाकता येऊ नये, हे योग्यच. पण अकाउंट्सवाल्यांना शेवटच्या चार नोंदी टाकायच्याच असतात. सॅप या मोठ्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एक स्क्रीन आहे, त्याच्या कोडवरून सगळे त्याला 'ओबी-52' म्हणतात. कुठला कालावधी सगळ्यांसाठी उघडा आणि कुठला ठराविक गटासाठीच, हे तिथे वेगवेगळं लावता येतं. महिनाअखेरीला अकाउंट्समधून "ओबी-52 उघडा हो जरा" असा फोन आला नाही, तर मलाच चुकल्यासारखं होतं.

टोलनाक्यावरचा बोर्ड

राष्ट्रीय महामार्गावरच्या टोलनाक्यावर सूट असलेल्यांचा लांबलचक बोर्ड असतो. राष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, सरन्यायाधीश. खाली रुग्णवाहिका, अग्निशमन दलाची गाडी, शववाहिनी. तिथे कुणा माणसाचं नाव नसतं. पदं असतात, नाहीतर कामं. राज्यपाल बदलले म्हणून बोर्ड रंगवावा लागत नाही, आणि माजी झालेल्यांची सूट आपोआप संपते. विमानतळावरच्या तपासणीतून सूट असलेल्यांच्या अशाच यादीत एका व्यक्तीचं थेट नाव होतं. त्यावरून किती धुरळा उडाला ते आठवत असेल. 2015 मध्ये ते नाव काढलं गेलं.

सॉफ्टवेअरमध्ये सूट देण्याच्या तऱ्हा याच हिशेबाने समजून घ्याव्यात.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात वाईट तऱ्हा म्हणजे नियमाच्या वाक्यातच माणसाचं नाव लिहिणं. 'बिल करणारा देशपांडे नसेल तर अडव.' पाच मिनिटांत काम होतं. वर्षभराने देशपांडे सोडून जातात, जागेवर कुलकर्णी येतात, आणि मग कुणीतरी 'किंवा कुलकर्णी' जोडतं. एका ठिकाणी मी नियम उघडला तर आत अकरा नावं होती, त्यातली सात माणसं कंपनीत नव्हती. पुन्हा हे नाव एकाच नियमात नसतं, सतरा नियमांत विखुरलेलं असतं. 'आमच्याकडे कोणाकोणाला सूट आहे?' या साध्या प्रश्नाचं उत्तर काढायला सतराही उघडून वाचावे लागतात.

दुसरी तऱ्हा हुद्द्याची: 'मॅनेजर' गटातल्या सगळ्यांना सूट. बरी, पण ढोबळ. उधारीच्या सुटीसाठी मॅनेजर केलेल्या माणसाला डिस्काउंटची, तारखेची, सगळीच सूट मिळून जाते.

तिसरी मला पटते. एका कामाची एक स्वतंत्र परवानगी तयार करायची, 'उधारी मर्यादा ओलांडणे' एवढीच, आणि नियमाने माणूस न बघता ती परवानगी आहे का ते बघायचं. परवानगी म्हणजे किल्ली. आज शेठच्या खिशात, ते गावाला गेले की मोठ्या वहिनींच्या. कुलूप बदलावं लागत नाही, आणि किल्ल्या किती नि कुणाकडे याची यादी एका जागी मिळते. सेल्सफोर्समध्ये अशी किल्ली देतानाच ती कोणत्या तारखेला परत घ्यायची तेही लावता येतं. ही सोय वापरणारे मला फार थोडे भेटले.

चौथी तऱ्हा मेन स्विचची, सगळे नियम एकदम बंद करणारी. जुना डेटा ओततानाच वापरावी. स्विच परत चालू करायची आठवण ज्याच्यावर सोपवली, तो नेमका त्या आठवड्यात लग्नाला गेलेला असतो.

"पण आमची माणसं विश्वासातली आहेत"

हे मला दर दुसऱ्या मीटिंगमध्ये ऐकू येतं. असतीलही. पण सूट एका माणसापाशी थांबत नाही. नवीन कर्मचारी आला की त्याचे हक्क कसे ठरतात? कुणीतरी आयटीला सांगतं, "याला जोशींसारखेच राइट्स द्या." जोशींना तीन वर्षांपूर्वी एका अडचणीत दिलेली सूट त्या नक्कल प्रतीत नव्या पोराकडे जाते. त्याला कळतही नाही. त्याच्या स्क्रीनवर लाल पट्टी कधी येतच नाही, म्हणून त्याला वाटतं आपण अचूक काम करतो.

आणि विश्वासाचीच गोष्ट करायची तर एफटीएक्सची करू. आभासी चलनांची ही एक्स्चेंज सॅम बँकमन-फ्राइडने 2019 मध्ये सुरू केली. तिथे ग्राहकांसाठी नियम साधा होता: खात्यातली शिल्लक शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, सौदा अंगावर येऊ लागला की तो आपोआप मोडायचा. या नियमातून एका खात्याला सूट होती. ते खातं होतं आलामेडा रिसर्चचं, म्हणजे त्याच बँकमन-फ्राइडच्या दुसऱ्या कंपनीचं. प्रोग्रॅममध्ये त्या सुटीचं नावच होतं 'अलाउ निगेटिव्ह', शून्याखाली जाऊ दे. एक्स्चेंजचा सहसंस्थापक गॅरी वाँग याने न्यूयॉर्कच्या खटल्यात साक्ष दिली तेव्हा याचा सगळा तपशील कोर्टासमोर आला. ही सोय प्रोग्रॅममध्ये आली ती 31 जुलै 2019 ला. त्याच दिवशी बँकमन-फ्राइडने ट्विट केलं होतं की आलामेडाचं खातं बाकी सगळ्यांसारखंच आहे.

अशा सुटीचं सांगितलेलं कारण ऐकायला अगदी शहाणपणाचं होतं. आलामेडा बाजारात सतत खरेदी-विक्री करणारी मोठी कंपनी, एखाद्या चुकीने तिचेच सौदे मोडले गेले तर सगळी एक्स्चेंज कोलमडेल, असा युक्तिवाद. पण सुटीला वरची मर्यादा किती? तिला दिलेली उधारीची मर्यादा वाढत वाढत 65 अब्ज डॉलरपर्यंत गेली होती. म्हणजे मर्यादा नव्हतीच. नोव्हेंबर 2022 मध्ये ग्राहक पैसे काढायला धावले तेव्हा सुमारे 8 अब्ज डॉलर जागेवर नव्हते. बँकमन-फ्राइडला मार्च 2024 मध्ये 25 वर्षांची शिक्षा झाली.

आपल्या दुकानात 65 अब्ज नसतात, मान्य. पण 'शेठच्या लॉगिनला मर्यादाच नाही' ही ओळ मी स्वतः लिहिलेली आहे. त्याऐवजी 'शेठना पाच लाखांपर्यंत, त्यावर दोघांची सही' अशी ओळ लिहायला दहा मिनिटं जास्त लागली असती.

सूट एकाला, डोकेदुखी दुसऱ्याला

हा भाग बाहेरच्यांना माहीत नसतो आणि आतल्यांना फार छळतो.

नियम तपासला जातो तो दर वेळी सेव्ह करताना. समजा सूट असलेल्या साहेबांनी जीएसटी नंबर न टाकताच एक ग्राहक तयार केला. घाई होती, नंबर नंतर येणार होता. त्यांना कुणी अडवलं नाही. तीन महिन्यांनी बॅक ऑफिसमधल्या मॅडम त्या ग्राहकाचा फक्त फोन नंबर बदलायला जातात. सेव्ह. लाल पट्टी: 'जीएसटी नंबर सक्तीचा आहे.' अहो, पण मी जीएसटीला हातही लावला नाही! त्यांच्याकडे ना सूट, ना तो नंबर. मग त्या शेजारच्या ग्राहकाचा नंबर इथे चिकटवतात आणि पुढच्या कामाला लागतात. आकार बरोबर, ताळा बरोबर, माणूस चुकीचा. जीएसटीचं रिटर्न भरताना ते बाहेर पडतं, आणि बोलणी मॅडमना बसतात.

यावर उपाय आहे. नियम असा लिहायचा की तो रकाना नव्याने भरला जात असेल किंवा बदलला जात असेल तेव्हाच त्याने तोंड उघडावं. शिवाय सुटीतून आत आलेल्या अर्धवट नोंदींची यादी दर सोमवारी साहेबांच्याच टेबलावर जावी. दुसऱ्या उपायाला साहेब लोकांचा विरोध असतो, का ते सांगायला नको.

याचंच एक मजेशीर भावंड म्हणजे चाचणी. नियम बसवणारा स्वतः ॲडमिन, आणि ॲडमिनला सूट. तो करून बघतो, सगळं सुरळीत. शुक्रवारी संध्याकाळी चालू करून घरी जातो. सोमवारी साडेनऊला अख्खा सेल्स विभाग अडकतो, आणि हा फोनवर सांगत असतो, "माझ्याकडे तर चालतंय!" हा मी होतो.

"मग सूटच नको, नियम सगळ्यांना सारखा"

ऐकायला फार छान. पण माणसाला काम पुढे ढकलायचंच असेल तर तो भिंतीला भोक पाडतो. मोबाइल सक्तीचा केला की 9999999999 नंबरचे शेकडो ग्राहक तयार होतात. जन्मतारीख सक्तीची केली की अर्धं गाव 1 जानेवारीला जन्मतं. अवघड पासवर्ड सक्तीचा केला की तो की-बोर्डखालच्या चिठ्ठीवर जातो. रिकामा रकाना निदान रिकामा दिसतो. खोटा भरलेला रकाना कसा ओळखणार?

कधी कधी माणसं नियमाच्या वाटेलाच जात नाहीत, शेजारच्या दाराने जातात. पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा फेब्रुवारी 2018 मध्ये बाहेर आला, तेव्हा आकडा सांगितला गेला सुमारे 11,400 कोटींचा. मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेवरून जात होते आणि बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती. तारण, मर्यादा, मंजुरी यांची तपासणी करणार कोण? जिथे ती होते तिथे हे व्यवहार पोहोचतच नव्हते. नंतर रिझर्व्ह बँकेने दोन्ही यंत्रणा जोडायला 30 एप्रिल 2018 ही मुदत दिली.

म्हणून सरसकट बंदीपेक्षा मधल्या वाटा बघाव्यात. कित्येक नियमांना अडवायची गरजच नसते, टोकलं तरी पुरतं: पिवळी पट्टी, 'मर्यादा ओलांडली आहे, पुढे जायचं का?' आणि कारण लिहायला एक रकाना. मोठ्या रकमेला बँकांतली मेकर-चेकर पद्धत, म्हणजे एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. खरी आणीबाणी असेल तर सॅपवाल्या मोठ्या कंपन्यांत 'फायरफायटर आयडी' असतो. आग लागली की कारण नोंदवून तो घ्यायचा, काम करायचं, परत करायचा. त्या वेळात काय काय केलं ते दुसरा माणूस नंतर वाचतो.

मागे काय उरतं?

टॅलीवर काम करणाऱ्यांना 'एडिट लॉग' हा शब्द आता ओळखीचा आहे. त्यामागे कायदा आहे. कंपनी (लेखे) नियम, 2014 मध्ये बदल झाला आणि दोनदा पुढे ढकलून 1 एप्रिल 2023 पासून तो लागू झाला. कंपनी हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरत असेल तर त्यात प्रत्येक व्यवहारात झालेला प्रत्येक बदल तारखेसह नोंदला गेलाच पाहिजे, आणि ही नोंदणी बंद करता येता कामा नये. ऑडिटरलाही आपल्या अहवालात यावर लिहावं लागतं. हे कंपन्यांसाठी आहे. यार्डातल्या भागीदारीच्या दुकानाला ही सक्ती नाही.

सूट कुणाला द्यायची हे कायदा सांगत नाही. ते मालकाने ठरवायचं. पण सूट वापरून केलेला बदलही लॉगमध्ये उतरतोच. अडचण एवढीच की लॉग लॉगिनचं नाव लिहितो, की-बोर्डवर बोटं कुणाची होती ते त्याला दिसत नाही.

त्या दिवशी काकांच्या मागे माझा नंबर होता. माझं खातं नवीन, मर्यादा पन्नास हजारांची, आणि जुनं बिल थकलेलं. मुलगा टकाटक आयटम टाकत होता. लाल पट्टीची तयारी ठेवून मी खिशातून कार्ड बाहेर काढलं. पट्टी आलीच नाही, बिल सरळ उधारीवर गेलं. मी वाकून स्क्रीनकडे पाहिलं. उजव्या कोपऱ्यात अजून धाकट्या शेठचंच नाव होतं.